विहिरीला कुलूप लावू का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

वय ६३. यजमान गेले, मुलगा डोंबिवलीला. घर उतारावर, मागीलदारी आजेसासऱ्यांनी खणलेली चिरेबंदी विहीर. खाली पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्यापलीकडे गेल्या आठ-दहा वर्षांत उभी राहिलेली पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. चाळीसेक खोल्या, दीड-पावणेदोनशे माणसं, बरीचशी विजापूरकडची, चिरेखाणीवर आणि बांधकामावर जाणारी. जागा वाडीतल्याच एका गृहस्थांची, ते खोलीमागे भाडं घेतात. नळ एकच, एक दिवसाआड तासभर. संडास चार, त्यातले दोन बंद. वस्तीतल्या बायका पहिल्यापासून या विहिरीवर पाणी भरतात. यंदा मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू गणपतीच्या दोन दिवस आधी आले, आणि गौरी-विसर्जनाच्या दिवशी नातवाचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. विहिरीचं पाणी तपासलं, अहवाल आला ‘पिण्यास अयोग्य’. मुलगा म्हणतो, जाळी बसव आणि कुलूप घाल. वाडीने नगरपंचायतीला द्यायला अर्ज लिहिला आहे: वस्ती हटवा. विहीर यांची, म्हणून पहिली सही यांचीच हवी आहे. “पाण्याला नाही म्हणणं आमच्या घरात कधी झालं नाही. पण नातवाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. सही करू का? कुलूप लावू का?”

बाई,

तुम्ही शाळेत होतात, त्यामुळे दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

आधी नातवाचं बोलू. पत्रात तारखा लिहिल्यात ते फार बरं केलंत. तो आल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत जेमतेम आठ-नऊ दिवस होतात. पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई. विषाणू पोटात गेल्यावर ती इतक्या लवकर दिसत नाही. ए प्रकाराला साधारण १५ ते ५० दिवस लागतात, बहुतेकांना महिनाभर. ई प्रकारालाही किमान दोन आठवडे. म्हणजे त्याच्या पोटात हे गेलं ते श्रावणात, आणि श्रावणात तो डोंबिवलीत होता. मधे कधी तुमच्याकडे येऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी. मुलाला रक्ताचा अहवाल डॉक्टरांना पुन्हा दाखवायला सांगा आणि कोणत्या प्रकारची कावीळ होती ते विचारा. मी डॉक्टर नाही, पण हा हिशेब बोटांवर होण्यासारखा आहे आणि वाडीत तो कुणी केलेला दिसत नाही.

आता याचीच उलट बाजू. हिपॅटायटिस ए चा विषाणू शौचातून सर्वात जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दिवसांत. त्या दिवसांत नातू वापरत होता तुमचा संडास. मग तुमच्या संडासाची टाकी कुठे आहे?

पत्रात विहिरीचं वर्णन पाऊण पान आहे. रहाट आहे, कठड्यावरची तुळस आहे, वस्तीतले दोन बंद संडासही आहेत. तुमच्या स्वतःच्या टाकीबद्दल एक ओळ नाही. दोष देत नाही. टाकी ही आपल्याकडे गवंड्याच्या हवाली करून विसरून जायची वस्तू आहे.

माझ्या माहेरी हेच झालं. काका पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, “आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही.” एका मिरगात, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, विहिरीतून काढलेल्या बादलीत कडेने फेस आला. साबणाचा. शेजारच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब होतं. त्यांची बाई पऱ्यावर कपडे धुते, म्हणून आम्ही सगळे तिच्यावर घसरलो. ती धूत होती विहिरीच्या खालच्या अंगाला. पाणी चढ चढून येत नाही, हे चार शिकलेल्या माणसांना सुचलं नाही. पुढे टाकी उघडली तेव्हा कळलं की तळाला काँक्रीटच नाही. वीस वर्षं भरली नाही, कारण वीस वर्षं ती जमिनीत झिरपत होती. न्हाणीचं पाणीही तिच्यातच सोडलेलं.

टाकी कधीच भरत नसेल तर खूश व्हायचं कारण नाही. बांधणी नीट असेल तर तळाशी गाळ साठतोच आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतोच. बरं, चांगल्या टाकीतून बाहेर पडणारं पाणीही शुद्ध नसतं. गाळ खाली बसलेला असतो एवढंच, जंतू असतातच. ते पाणी शोषखड्ड्यात जिरतं. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १८ मीटर, म्हणजे साठ फुटांच्या आसपास अंतर असावं असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडे तर खाली जांभा दगड. त्याला भोकं, फटी, आतून पोकळ्या. तीच जमीन विहिरीला पाणी देते आणि तीच घाणही पोचवते. पावसाळ्यात पाणी वर आलं की विहीर आणि शोषखड्डा यांच्यामधली कोरडी जमीनच उरत नाही. एकदा टेप घ्या आणि मोजा. तुमची टाकी, वरच्या घराची टाकी, रस्त्याकडेच्या इमारतीची टाकी. उतारावर विहिरीच्या वर काय काय आहे, ते आधी. पऱ्यापलीकडची वस्ती तुम्ही लिहिता तशी खालच्या अंगाला असेल, तर तिची घाण तुमच्या विहिरीत येण्यापेक्षा तुमची आणि तुमच्या वरच्यांची घाण तिच्या दारात जाण्याचीच शक्यता जास्त.

अहवालाचंही थोडं. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा आतड्यातला जंतू मुळीच सापडता कामा नये. सापडला म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्याला कुठेतरी लागली आहे. ती कुणाची, कुठून आली, हे त्या कागदावर नसतं. कावीळ करणारा विषाणूही या तपासणीत दिसत नाही. म्हणजे विहीर खराब आहे हे खरं, नातू आजारी पडला हेही खरं, पण एकातून दुसरं झालं हे वाडीने जोडलेलं आहे.

एका गोष्टीत मात्र मुलाचं बरोबर आहे, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. वीस घरच्या वीस बादल्या, त्या चिखलात टेकवायच्या आणि तशाच विहिरीत सोडायच्या, ओला दोर पायांखालून ओढायचा, यानेही पाणी बिघडतं. बादली कुणाची हा मुद्दा नाही. तुमचीही त्याच ओट्यावर टेकते. ओट्याला तडे असतील आणि तिथेच कपडे-भांडी होत असतील तर तेच पाणी परत आत मुरतं. म्हणून जाळी जरूर बसवा. कुलूपही घाला, पालापाचोळा आणि मांजर आत जाऊ नये म्हणून. मात्र कुलूप विहिरीला, पाण्याला नको. लहान पंप बसवून पाणी कुंपणाच्या गडग्याजवळ पाण्याच्या वेगळ्या टाकीत चढवा आणि त्या टाकीला बाहेरच्या बाजूने दोन तोट्या काढा. ओट्याचे तडे सिमेंटने भरा, पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार आणि पन्हळ द्या. मुलगा जाळीचा खर्च करणारच आहे, त्यात थोडी भर पडेल. विजेचं बिल वस्तीतल्या बायकांनी वाटून द्यावं असं सुचवायला लाजू नका. कुणाच्या उपकारावर पाणी भरण्यापेक्षा त्यांनाही ते सोयीचं वाटेल.

नुसतंच कुलूप घातलंत तर काय होईल, तेही पाहा. नळ एक दिवसाआड तासभर. चाळीस घरं त्यात भागत नाहीत. बायका पऱ्यात खड्डा खणून त्यात झिरपलेलं पाणी भरतील. मार्चनंतर तेही आटेल. त्यातलीच कुणी तुमच्या शेजाऱ्यांकडे भांडी घासते, कुणाचा नवरा तुमच्या वाडीतल्या घराचा चिरा लावतो. त्यांच्या घरात जुलाब सुरू झाले तर ते पऱ्यापलीकडे थांबणार नाहीत. आणि तुमची विहीर तशीच खराब राहील, फक्त आता कुलपाआड.

आता अर्ज.

मला एक विचारायचं आहे. ज्यांची जागा आहे आणि जे खोलीमागे भाडं घेतात, त्या गृहस्थांची सही या अर्जावर आहे का? असेल तर माझा रागाचा पारा थोडा चढेल. चाळीस खोल्यांचं भाडं दर महिन्याला घ्यायचं, संडास दोन चालू ठेवायचे, आणि घाण झाली की भाडेकरूंना हटवा म्हणायचं. आणि सही नसेल, तर त्यांना न दुखवता वस्तीवर अर्ज का होतो आहे? वाडीत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, हे मला ठाऊक आहे. पण अर्जात ज्याचं नाव यायला हवं त्याचं येत नाही आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचं येतं, असं तुम्ही वर्गात चालवून घेतलं नसतंत.

वस्ती उठवली तर माणसं विजापूरला परत जाणार नाहीत. चिऱ्याचं काम इथे आहे, बांधकाम इथे आहे. ती पुढच्या पऱ्याकाठी जातील, जिथे ते दोन संडासही नसतील. पऱ्या कुठलाही असो, मिळतो त्याच खाडीला.

सही करू नका, असं मी म्हणत नाही. अर्ज बदलून घ्या आणि मग पहिली सही ठळक करा. मागण्या अशा हव्यात की नगरपंचायतीला त्या टोलवता येणार नाहीत.

संडासाचं गणित घ्या. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषात सामुदायिक संडासासाठी २५ बायकांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक असं प्रमाण आहे. वस्तीत १८० माणसं धरा, निम्म्या बायका. म्हणजे बायकांसाठी चार आणि पुरुषांसाठी तीन, एकूण सात. आहेत चार, चालू दोन. मग पहाटे अंधारात पऱ्याकाठी जाणाऱ्या बाईला नावं ठेवायला आपण कोण? बंद असलेले दोन आठ दिवसांत दुरुस्त व्हावेत, तिथे पाणी आणि दिवा असावा, कडी आतून लागावी, आणि साफसफाईला पगारी माणूस असावा. नवे बांधताना मात्र पऱ्याच्या काठाला उघड्या तळाचा खड्डा नको. तिथे पाणी वरच असतं, पावसाळ्यात सगळं पऱ्यात जाईल. तळ-भिंती पक्क्या असलेली बंद टाकी हवी आणि मैला उपसणाऱ्या गाडीचा पाईप तिथवर पोचायला हवा. पाखाडीच्या पायऱ्या उतरून पाईप किती लांब जातो ते बांधायच्या आधी बघायचं असतं. आपल्याकडे ते टाकी तुंबल्यावर बघतात.

पाण्याबद्दल कुणी म्हणेल, अनधिकृत वस्तीला नळ देताच येत नाही. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या याचिकेवर सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्यावरून माणसाला पाण्यावाचून ठेवता येत नाही. पाणी दिल्याने जागेवरचा हक्क मिळतो असंही त्यातून होत नाही. प्रकरण मुंबईचं होतं, पण मुद्दा तुमच्या नगरपंचायतीत जाऊन मांडण्यासारखा आहे. दुसरी तोटी, रोजचा एक तास, एवढीच मागणी ठेवा.

कचऱ्याचं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की घरोघरचा कचरा उचलताना झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्याही त्यात धरायच्या. तुमच्याकडे घंटागाडी डांबरी रस्त्यावर साडेनवाला थांबते असं तुम्ही लिहिता. वस्तीतली माणसं सातला खाणीवर जातात. साडेनवाला कचरा घेऊन वर कोण चढणार? गाडीची वेळ साडेसहा करा, किंवा पऱ्यावरच्या साकवाजवळ, म्हणजे लहान पुलाजवळ, ओला-सुका वेगळा टाकायला झाकणाचे दोन डबे ठेवून ते रोज उचला. झाकण हवंच. उघड्या कचऱ्यावर उंदीर येतात आणि पावसाळ्यात लेप्टोचा ताप आपल्या भागात काही नवा नाही.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. आठ दिवस सकाळी फिरायला जाताना साकवावर दहा मिनिटं थांबा, पऱ्यात काय पडलंय ते पाहा. डायपर, ऑनलाइन पार्सलची पाकिटं, कोंबडीची पिसं, थर्माकोलच्या मखराचे तुकडे. यातलं किती वस्तीत विकत घेतलं जातं? मोटारसायकलवरून येऊन, न थांबता, पिशवी खाली भिरकावणारा कोण, तेही दिसेल. त्याला काही बोलू नका. नुसतं “काय रे, शाळेला सुट्टी का?” म्हणा. तुमचाच विद्यार्थी निघायचा.

आपल्याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्याने कचरा डेपोची जागा अशी केली की लोक ती बघायला जातात. ओल्या कचऱ्याचा गॅस, सुक्याचं बारीक वर्गीकरण, प्लास्टिक तुकडे करून रस्त्याला. घाटापलीकडे वाईने २०१८ पासून पाळी लावून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायला सुरुवात केली. तक्रार येण्याची वाट बघायची नाही. दोन्ही गावं लहानच आहेत. तुमच्या अर्जात ही ओळ घाला: आमच्याही टाक्या पाळीने उपसा, वाडीच्याही आणि वस्तीच्याही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गावांत भुयारी गटार नाही, सगळं टाक्यांवरच चाललंय. गाडी उपसलेला मैला कुठे नेऊन ओतते हेही विचारा. पुढच्या वळणावरच्या पऱ्यात, असं उत्तर निघालं तर सगळाच खटाटोप फुकट.

तुमची टाकी उपसायची तर गाडीच बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, कितीही ओळखीचा असो आणि कितीही स्वस्तात तयार असो. आत विषारी वायू असतो, माणूस दोन मिनिटांत जातो. आणि २०१३ च्या कायद्याने ते बंदच आहे.

तोवर पाण्याचं काय? आधी पुन्हा नमुना, मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, हा क्रम चुकवू नका. पावडर टाकून नमुना दिलात तर अहवाल चांगला येईल आणि तुम्ही फसाल. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, ती निर्जंतुक असते, विसळायची नाही. विहिरीचा एक नमुना द्या आणि वरच्या घराच्या विहिरीचा दुसरा. दोन्ही खराब निघाले तर वस्तीवरचा ठपका तिथेच ढिला पडतो.

टीसीएलचं माप हजार लिटरला ५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८ हजार लिटर होतात, म्हणजे १४० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, पाणी वाढवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडा आणि बादली वर-खाली करून मिसळा. तासभर कुणी पाणी काढायचं नाही. रात्री केलंत तर उत्तम. पावडरीला उग्र वास नसेल तर ती जुनी झाली, परत करा. माप चुकेल अशी धास्ती वाटली तर आरोग्यसेवकाला पहिल्या वेळी बोलवा, क्लोरीन किती उरलं ते तो तिथल्या तिथे पाहून देतो. पिण्याचं पाणी मात्र खळखळून उकळी आल्यावर आणखी थोडा वेळ उकळून घ्या, आणि हे वस्तीतल्या बायकांनाही सांगा. त्यांना सांगितलंय का अजून, की अहवाल वाईट आला म्हणून? पत्रावरून तसं वाटत नाही. तीन आठवडे तुम्ही उकळून पिताय आणि त्या तसंच.

सुरुवात तिथून करा. वाडीच्या बैठकीआधी. त्यांच्यातली कुणी एक बरी मराठी बोलणारी असेलच, तिला पायरीवर बसवून कागद दाखवा. संडास बंद का आहेत, किल्ली कुणाकडे आहे, भाड्यात काय ठरलं होतं, हे सगळं तिला ठाऊक असतं. अर्ज लिहायला ती नगरपंचायतीपेक्षा जास्त उपयोगाची.

मुलाला फोन कराल तेव्हा कुलपाचा वाद घालू नका. “जाळी बसवते, पंपाचे पैसे पाठव” एवढंच सांगा, आणि रक्ताच्या अहवालाची आठवण करा. घरात बाकीच्यांना काविळीची लक्षणं दिसली का तेही विचारा, सूनबाईंनाही.

नमुना सोमवारी किंवा मंगळवारी द्या, बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी पोचेल असा. शनिवारी दिलात तर रविवारभर तो टेबलावर पडून राहायचा.